प्रश्न विचारल्यावर थांबावे

मला एका जागी बसवत नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा मी पोह्यांच्या बश्या देऊन झाल्यावर खुर्चीत टेकायचं सोडून खिडकीचा पडदा सारखा करत उभी होते, असं सासूबाई अजून येईल त्याला सांगतात. वर्गात मात्र हा गुण मानला जायचा. बालवाडीच्या शिक्षिका तयार करणं हे माझं काम. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालत, टाळ्या वाजवत, मध्येच एखादीच्या बाकावर टकटक करत मी शिकवायची. मग आमच्या संस्थेनं पदविकेचा अख्खा अभ्यासक्रम ऑनलाइन केला, राजारामपुरीतला वर्ग एका शिवणक्लासला देऊन टाकला आणि मला माझ्याच घराच्या हॉलमध्ये लॅपटॉपपुढं बसवलं.

बसवलं म्हणायचं इतकंच. मी लॅपटॉप फ्रीजवर ठेवून उभ्यानं शिकवते. त्यामुळं विद्यार्थिनींना माझं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो, अशी तक्रार एकदा पुण्याच्या मुख्य कार्यालयापर्यंत गेली होती.

त्या कार्यालयानं आम्हा शिक्षकांसाठी एक जाडजूड मार्गदर्शिका पाठवली. ऑनलाइन कसं शिकवावं, याचे नियम. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांकडे न बघता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघावे. आता चेहरे होते कुठं? काळे चौकोन आणि त्यावर नावं. प्रत्येकीला नावाने हाक मारावी. चॅटवर लक्ष ठेवावे. ते मी बंदच करून टाकलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात बायकांनी त्यात नुसती सुप्रभातची फुलं पाठवली. आपल्याच तासाचे रेकॉर्डिंग महिन्यातून एकदा ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकला की माझ्या दातांत कळ येते, त्यामुळं तेही राहिलं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे, मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. दहापर्यंत! अहो, आमच्याकडं सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागचा हॉर्न वाजवून मोकळा होतो. मी तीन-चारपर्यंत मोजायची आणि पुढं सरकायची.

या काळ्या चौकोनांपैकी एकाचा मला विशेष राग होता. त्यावर नाव होतं श्रुती कांबळे. गाव शाहूवाडी तालुक्यात, डोंगराकडं कुठंतरी. पोरगी एकही तास चुकवायची नाही, पण कॅमेरा कधी लावायची नाही आणि तोंड कधी उघडायची नाही. सुरुवातीला मी रोज हाक मारायची. "श्रुती, तू सांग." गप्प. "श्रुती, आहेस का?" गप्प. आपण घसा फोडून शिकवावं आणि समोरच्यानं चुलीवर भाजी टाकून फोन नुसता चालू ठेवावा, याचा मला संताप येतो. माझं डोकंच फिरतं. दिवाळीनंतर मी तिचं नाव घ्यायचं सोडून दिलं. सहभागाच्या रकान्यात शून्य टाकत गेले, आणि खोटं कशाला बोलू, ते टाकताना मला बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी राजवर्धनचा फोन आला. हा मुख्य कार्यालयातला आमचा समन्वयक. पोरगा गोड बोलतो, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकत नाही.

"मॅडम, ज्यांचा सहभाग शून्य आहे त्यांची नावं मंगळवारपर्यंत गोठवायची आहेत. तुमच्या तुकडीत एकच आहे. श्रुती कांबळे."

"गोठवायची म्हणजे?"

"म्हणजे नमुना पाठ घेता येणार नाही. पदविका नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. तिला तशी नोटीस गेली आहे. तुम्ही फक्त होकार द्यायचा."

"देते की," मी म्हणाले. पण त्या दिवशी दिला नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. दोन-तीनदा लॅपटॉप उघडला, त्या बटणावर बोट नेलं आणि उठून कुंड्यांना पाणी घालून आले. कुंड्या आधीच भिजलेल्या होत्या.

शनिवार उजाडला. शनिवारी दुपारी चार ते पाच ही माझी भेटीची वेळ. हाही मार्गदर्शिकेतलाच नियम: शिक्षकाने आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी ऑनलाइन मोकळे राहावे. मी लिंक उघडून ठेवायची आणि त्या तासात कपाटं आवरायची, कारण आजवर त्या लिंकवर चिटपाखरूही आलं नव्हतं. त्या दिवशी मी मसाल्याचे डबे पुसत असताना दाराची बेल वाजली.

दारात साठीतला एक माणूस. पांढरा शर्ट, चपला धुळीनं भरलेल्या, हातात कापडी पिशवी.

"संयोगिताबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मीच. आपण?"

"मी दादासो कांबळे. शाहूवाडीकडनं आलोय. श्रुतीचा सासरा. शनवारी चार ते पाच भेटायची येळ हाय न्हवं तुमची?"

मला हसावं की रडावं कळेना. "अहो काका, ती वेळ ऑनलाइन आहे. मोबाइलवर यायचं असतं. एवढा प्रवास करून कशाला आलात?"

"ते ठावं हाय की," दादासो शांतपणे म्हणाले. "पर असली गोष्ट कोण मोबाइलवर बोलतंय व्हय? समोर येऊन इचारावं. तुमच्या जुन्या वर्गात गेलतो. तितल्या शिवणाच्या बायकांनी पत्ता दिला."

त्यांनी पिशवी पुढं केली. नवा तांदूळ. शिक्षकाने भेटवस्तू स्वीकारू नये असंही कलम आहे, पण ते लिहिणाऱ्याच्या उंबऱ्यावर कुणी तांदूळ घेऊन उभं राहिलेलं नसावं. मी पिशवी घेतली, पाणी दिलं, चहा टाकला. दादासो सोफ्याच्या कडेवर बसले आणि चहा येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. माझा मात्र जीव वर-खाली होत होता. हे काय विचारणार ते मला माहीत होतं आणि उत्तरही तयार होतं. माणूस विचारत का नाही?

शेवटी कपबशी हातात आल्यावर ते म्हणाले, "सुनंचं नाव काढताय म्हणं."

"काढतेय," मी म्हणाले. "काढणारच. काका, राग मानू नका, पण वर्ष संपत आलं, तुमची सून वर्गात एक शब्द बोललेली नाही. कॅमेरा बंद, तोंड बंद. अशी मुलगी बालवाडीतल्या पोरांशी काय बोलणार? मी काय भिंतीला शिकवते?"

"ती तर म्हणती, बाई मला बोलूच देत न्हाईत."

माझ्या हातातली गाळणी ओट्यावर आपटली. "मी? मी बोलू देत नाही? घसा बसेपर्यंत विचारत असते मी! थांबा, तुम्हाला पुरावाच दाखवते. प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग आहे. चहा प्या आणि ऐका."

मी लॅपटॉप फ्रीजवरून खाली आणला आणि दिवाळीआधीचं हाताला लागेल ते रेकॉर्डिंग लावलं. योगायोग असा, की तो तास लहान मुलांना प्रश्न कसे विचारावेत यावरचा निघाला. माझा आवाज हॉलभर घुमला. किती कर्कश, देवा. "मुलानं उत्तर दिलं नाही तर शिक्षिकेनं काय करावं? कोण सांगेल? श्रुती, तू सांग. श्रुती? नाही? बरं, पुढं चला. आता चित्रांचा वापर..."

"बघा," मी दादासोंना म्हणाले. "ऐकलंत? आहे का काही?"

दादासोंनी हात वर केला. मी गप्प झाले, आणि रेकॉर्डिंगमधल्या माझ्या बडबडीखाली एक बारीक, तुटका आवाज ऐकू आला. "बाई... मी सांगू का... जरा वाट बगावी, मग..." त्यावर लगेच माझा आवाज. "कोण मध्येच बोलतंय? शिस्त नाही काही! सगळ्यांचे माइक बंद करतेय मी." आणि तो बारीक आवाज कट झाला.

दादासोंनी कपबशी खाली ठेवली. "आमचीच हाय ती."

"एखाद्या वेळी झालं असेल," मी म्हणाले आणि दुसरं रेकॉर्डिंग लावलं. त्यातही तेच. माझा प्रश्न, श्रुतीला हाक, मग माझं "पुढं चला", आणि मी दोन वाक्यं पुढं गेल्यावर तो आवाज माझ्या आवाजाखाली सापडलेला. तिसऱ्यात तिनं उत्तर जवळजवळ पुरं केलं होतं. बरोबर होतं. मी त्यावर म्हणत होते, "हा घरातला दंगा कुणाकडचा आहे?" मी चौथं लावायला गेले.

"ऱ्हाऊ द्या आता," दादासो म्हणाले. "आमच्यात रेंज फकस्त विहाराच्या पायरीवर येती. तितं बसून ऐकती ती. कॅमेरा लावला की आवाज जातोय, म्हणून लावत न्हाई. आनि हितनं बोललेलं पलीकडं जायला येळ लागतोय. माझा ल्योक, प्रसेनजीत, वारणानगरला कारखान्यात हाय. त्येच्याशी बोलताना बी आमी एक बोलून गप ऱ्हातो. मग तिकडनं येतंय."

मला काहीतरी करायला हवं होतं. मी त्यांची अर्धी भरलेली कपबशी उचलून मोरीत नेली, मग लक्षात आलं तशी परत आणून ठेवली. दादासोंनी ती घेतली आणि उरलेला चहा प्यायले.

"एक इचारू?" ते म्हणाले. "दिवाळीपास्नं तुमी तिचं नाव घ्यायचं सोडलासा. बाकी सगळ्यांची घेताय. ती म्हणाली, मामा, बाईंनी आडनाव वाचलं आसंल."

साखर पुरे झाली म्हणावं तशा आवाजात ते हे बोलले. माझं अंग पेटलं. पहिल्यांदा मला रागच आला, त्यांचा, तिचा, सगळ्यांचा. मी तसली आहे का? मी भडाभडा बोलायला लागले. असं काही नाही, माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, मला वाटलं ती लक्षच देत नाही, माझ्या वर्गात कधी कुणाला असं... मी किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. दादासो ऐकत होते.

"न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "तिला तसं वाटलं, ते तुमच्या कानावर घातलं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आणि मला लाज वाटली ती याचीच, की दिवाळीपासून एका मुलीला असं वाटावं एवढी जागा मी ठेवली होती आणि मला पत्ताही नव्हता.

जाताना त्यांनी उरलेलं सांगितलं. जूनपासून वाडीत बालवाडी सुरू करायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आत्ता पोरं ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जातात, नाहीतर जातच नाहीत. श्रुतीनं शिकवायचं हेही ठरलंय, पण पदविका असेल तरच. नसेल तर बाहेरची बाई येणार, आणि ती वाडीत किती टिकणार हे सगळ्यांना माहीत आहे. श्रुतीनं यासाठी वारणानगरला नवऱ्याकडं राहायला जाणं पुढं ढकललं होतं. "घरात भांडणं झाली त्याच्यावरनं," दादासो म्हणाले. "तरी ती हटली न्हाई."

ते स्टँडकडं गेले आणि मी राजवर्धनला फोन लावला. शनिवारी संध्याकाळी फोन उचलल्याचा त्याला पश्चात्ताप झाला असणार. मी त्याला तिन्ही रेकॉर्डिंग ऐकायला लावली.

"मॅडम, सहभागाचे गुण तुम्ही दुरुस्त करू शकता," तो म्हणाला. "पण मग मंगळवारच्या आत तिचा नमुना पाठ व्हायला हवा. मुलांसमोर, शिक्षकाच्या उपस्थितीत, रेकॉर्डिंगसह. ऑनलाइन थेट."

"अरे, तिच्या पायरीवरून आवाज येत नाही, चित्र कुठून येणार?"

"मग कठीण आहे."

"शिक्षकाच्या उपस्थितीत असं लिहिलंय ना? मी जाते तिथं. माझ्या फोनवर रेकॉर्ड करते."

"मॅडम, हा ऑनलाइन कोर्स आहे."

"मी लिंकवर भेटीची वेळ ठेवली तर माणूस दारात आला माझ्या. मला नको सांगूस ऑनलाइन."

तो नियम शोधत राहिला. शिक्षकाने जाऊ नये असं कुठं लिहिलेलं त्याला सापडलं नाही. एवढंच म्हणाला, "पाठ चालू असताना परीक्षकानं बोलायचं नाही, मॅडम. ते कलम लक्षात ठेवा."

"मला शिकवतोस?" मी म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी दादासोंना फोनवर कळवलं आणि सोमवारी सकाळी निघाले. मलकापूरपर्यंत एसटी, तिथून माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून, शेवटी चढ पायी. एसटीत मी तीन वेळा जागा बदलली. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलंच, "पाठीत काय दुखतंय का?" मनात सारखं तेच. या मुलीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? आणि तिला नीट शिकवताच येत नसेल तर? एवढं करून मी तिला नापास करून यायचं? तेही करावं लागलं असतं.

वाडीच्या तोंडाशीच दादासो उभे होते. त्यांच्या घरात मीनाबाई, म्हणजे श्रुतीच्या सासूबाई, तांब्या-भांडं घेऊन पुढं आल्या. "जय भीम, बाई. या. पाणी घ्या. उन्हाचं आलासा."

आणि मागून श्रुती आली. माझ्या डोक्यात एक मरगळलेली, मान खाली घातलेली पोरगी होती. ही चांगली थोराड, दंड भरलेली, आणि आवाज असा की अंगणातली कोंबडी पांगली. "बाई, खरंच आलासा व्हय? मला वाटलं मामा थापा मारत्यात!"

मी दिलगिरीचं वाक्य पाठ करून आणलं होतं. ते बोलायला सुरुवात केली तर तिनं मध्येच तोडलं. "ते मागनं. पोरं बसल्यात. उठली तर परत गावायची न्हाईत."

विहाराच्या हॉलमध्ये सतरंजीवर पोरं बसली होती. समोर पाण्यानं भरलेला मोठा टब. मी कोपऱ्यात खुर्ची घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर फोन टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

पाठ काही फार थोर नव्हता, ते मी सांगते. भिंतीवर लावलेला तक्ता सुरुवातीलाच पडला. एक पोरगं कुत्र्यामागं बाहेर पळालं, त्याला आणण्यात वेळ गेला. श्रुती घाबरल्यामुळं भराभर बोलत होती. पाण्यात काय बुडतं आणि काय तरंगतं, हा विषय. दगड टाकला, बुडाला. पळसाचं पान तरंगलं. वाळलेली मिरची तरंगली, त्यावर पोरं फार हसली. हळूहळू तिचा आवाज सावकाश झाला. मग तिनं पिशवीतून नारळ काढला, सोललेला नव्हे, शेंडी-सालासकट, आणि एका पोराच्या हातात दिला. त्याला तो दोन हातांनीही पेलेना. सगळ्यांच्या हातांतून नारळ फिरला.

"जड हाय न्हवं?" श्रुती म्हणाली. "आता सांगा. ह्यो पाण्यात टाकला तर काय हुईल?"

पोरं गप्प. श्रुतीही गप्प.

मी आकडे मोजायला सुरुवात केली. एक. दोन. एक पोरगी नाकात बोट घालून नारळाकडं बघत होती. एकजण श्रुतीच्या तोंडाकडं बघत होता, तिथं उत्तर लिहिलेलं सापडेल म्हणून. श्रुती तशीच उभी, ओठ मिटून. चार, पाच. माझ्या मानेवर घाम आला. अगं, काहीतरी बोल, वेळ चाललाय, रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता जातेय, त्या राजवर्धनला वाटेल पाठ बंद पडला. सहा. माझा एक पाय आपोआप हलायला लागला. बाहेर कुठंतरी रेडकू ओरडलं. या पोरांना येत नाही, स्पष्ट दिसतंय येत नाही, मग सांगून टाक आणि पुढं जा ना. सात...

"तरंगेल!" मी म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडले. सगळी पोरं गर्रकन माझ्याकडं वळली. श्रुतीही वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाई, तुमी गप बसा की! मी पोरांस्नी इचारलंय!"

त्या हॉलमध्ये मी आयुष्यात कधी बसले नसेन तशी बसले. दाराशी मीनाबाईंनी पदर तोंडाला लावला. श्रुती परत पोरांकडं वळली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. तिनं प्रश्न पुन्हा विचारला नाही. मला कुणी मारलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं.

मग ती नाकात बोट घातलेली पोरगी म्हणाली, "टाकून बगूया की."

"बग टाकून," श्रुती म्हणाली.

पोरीनं दोन्ही हातांनी नारळ टबात सोडला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. नारळ खाली गेला, उसळी मारून वर आला आणि गोल फिरत राहिला, आणि पोरांनी जो कालवा केला तो वाडीच्या टोकापर्यंत गेला असेल. मग मात्र एकेकाला कंठ फुटला. तांब्या टाकूया, चप्पल टाकूया, कुत्र्याचं पिल्लू टाकूया. श्रुतीनं पिल्लू सोडून सगळं टाकू दिलं.

पाठ संपला आणि मी फोन घेऊन बाहेर पायरीवर आले. रेंज खरंच फक्त तिथंच होती. तिथूनच रेकॉर्डिंग पाठवलं; ते रखडत रखडत जायला तासभर लागला. श्रुती माझ्याजवळ आली, आता आवाज खाली गेलेला. "बाई, माझ्याकडनं रागात गेलं. नापास का?"

मी काही बोलायच्या आत राजवर्धनचा फोन आला. दादासो, मीनाबाई, सगळे जवळ उभे होते. मी स्पीकर लावला.

"मॅडम, पाहिलं मी. पाठ चांगला आहे. पास करायला हरकत नाही. पण मध्ये तुमचा आवाज आहे."

"आहे."

"आणि त्यानंतर तिचं ते वाक्य. तेवढा तुकडा कापून परत पाठवा. अर्धं मिनिट असेल. कुणाला कळणारही नाही."

"आणि नाही कापला तर?"

"तिला काही नाही होणार. पण परीक्षकानं पाठात व्यत्यय आणला असा शेरा तुमच्या नावावर जाईल. कायमचा. मॅडम, विद्यार्थिनी तुम्हाला गप्प बसा म्हणतेय. ते कशाला ठेवायचं?"

"ठेव," मी म्हणाले. "शेरा घाल. मी आणलाय व्यत्यय. आजचाच नाही, वर्षभर आणलाय, तेही लिही हवं तर."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. ते रेंजमुळं होतं की राजवर्धनमुळं, कळलं नाही. मग तो म्हणाला, "ठीक आहे. श्रुती कांबळे उत्तीर्ण. नोंद करतो."

फोन बंद झाला. मीनाबाईंनी सुनेच्या पाठीवर जोरात थाप मारली. दादासो दुसरीकडं बघत होते आणि सारखे चष्मा पुसत होते. श्रुती पायरीवर मटकन खाली बसली. आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग परत हसली.

"बाई," ती म्हणाली, "वरीसभर ह्या पायरीवर बसून बोललो मी. त्यातलं पहिलं वाक्य तुमच्यापातूर पोचलं, ते बी कंचं? गप बसा!"

सगळे खो खो हसले. मीही हसले. मग तिच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं, आणि मला हळू आवाजात रडताही येत नाही. हॉलमधली पोरं बाहेर येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली.